पाण्यावरची पंगत

सासूबाईंची पंचाहत्तरी कशी करायची, याची चर्चा आमच्या घरी दसऱ्यापासून चालली होती. ह्यांचे म्हणणे, इथे कल्याणातच एखादा हॉल घ्यावा. वन्संना सत्यनारायण हवा होता. जाऊबाईंनी तर केटररला फोन करून ताटाचा भावसुद्धा विचारला. शेवटी कोणाच्या तरी लक्षात आले, की जिचा वाढदिवस तिला कोणी विचारलेलेच नाही! विचारायला गेलो, तर सासूबाई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ''मला एकदा बोटीत बसवा. मुंबई पाण्यावरनं बघायचीय.''

सगळे एकदम गप्प झाले. त्याला कारणे दोन होती.

पहिले कारण तुम्हालाही माहीत आहे. 18 डिसेंबर 2024 रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या लाँचला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि पंधरा माणसे गेली. त्याला जेमतेम वर्ष होत आले होते. कोकणातल्या घरांत तर 'रामदास' बोटीची आठवण अजून निघते. 17 जुलै 1947ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. 'बोट' म्हटले की घरातल्या मोठ्यांच्या काळजात चर्र होते ते उगीच नाही.

दुसरे कारण माझे स्वतःचे होते. तीन वर्षांपूर्वी माझ्या आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली. मी हौसेने कोजागिरीचा बेत केला. बंदरात बोट, वर पूर्ण चंद्र, हातात मसाला दुधाचा पेला! चित्र किती सुंदर, नाही का? पण संध्याकाळी साडेसहाला गेटवेच्या पायऱ्यांवर उभ्या राहिलो, तर पाणी खूप खाली गेलेले आणि खालच्या पायऱ्या शेवाळाने हिरव्यागार. आईचा पाय सरकला. मनगट मोडले. ती रात्र आम्ही इस्पितळाच्या बाकावर काढली आणि दहा लिटर दूध तसेच परत आणले. आईच्या त्या मनगटाला अजून थंडीत कळ येते. चपातीची कणीक ती आता डाव्या हाताने मळते. मी ते पाहते आणि काही बोलत नाही.

म्हणून सासूबाईंनी बोटीचे नाव काढताच मी म्हटले, ''नको हो आई, पुन्हा नको.''

तेव्हा त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. म्हणाल्या, ''कोजागिरीला मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. पौर्णिमेला संध्याकाळी ओहोटी असते. जयगडच्या खाडीवर वाढले गं मी. पण तू विचारलं कुठं?''

खरेच की! बोटवाल्याला विचारले, मैत्रिणीला विचारले. घरात बसलेल्या माणसाला विचारायचे राहून गेले होते.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत भरती शोधा

सासूबाईंनी मग मला जो हिशेब शिकवला, तो तुम्हीही टिपून ठेवा. ज्या दिवशी जायचे त्या दिवसाची तिथी पाहायची आणि तिची पाऊणपट करायची. येईल ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे साधारण सहाला भरती. नवमीला पावणेसात. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारच्या सुमाराला भरती आणि त्यानंतर सहा तासांनी, ऐन संध्याकाळी, पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. हा अंदाज आहे बरं का, घड्याळ नव्हे. अर्धा-पाऊण तास, कधी तासभर इकडेतिकडे होतो. म्हणून दिवस ठरला की छापील भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहावे.

दुसरी गोष्ट उधाणाची. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास मुंबईच्या बंदरात भरती आणि ओहोटीच्या पाण्यातला फरक चार मीटरच्याही पुढे जातो. आपल्या खोलीच्या उंचीहून तो अधिक झाला! अष्टमी-नवमीला पाणी फार चढत नाही की फार उतरत नाही. कोकणात त्याला 'भांग' म्हणतात. म्हाताऱ्या माणसांना न्यायचे तर भांगाचे दिवस बरे.

म्हणजे चंद्र सोडायचा का? मुळीच नाही. शुद्ध अष्टमी-नवमीला संध्याकाळी अर्धा चंद्र डोक्यावर आलेलाच असतो. आम्ही मार्गशीर्ष शुद्ध नवमी धरली. त्या दिवशी शनिवार होता, हेही सोयीचे झाले. रविवार म्हटला की मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आडवा येतो, हे कल्याण-डोंबिवलीकरांना सांगायला नको.

पावसाळ्याचे तर नावच काढू नका. पावसाळ्यात गेटवेवरच्या अनेक प्रवासी लाँच बंद असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने या बेताला सर्वांत चांगले.

सूर्य कुठे मावळतो?

हा प्रश्न मी माझ्या सातवीच्या वर्गाला विचारला, तर निम्म्या मुलांनी ''समुद्रात'' असे उत्तर दिले. मरीन ड्राइव्हवर उभे राहिले तर ते बरोबर आहे. पण मुंबईचे बंदर शहराच्या पूर्वेला आहे. तिथे सूर्य मावळतो तो शहराच्या मागे. तेव्हा बंदरातल्या बोटीवरून 'समुद्रात बुडणारा सूर्य' बघायला मिळेल अशी आशा धरून जाल तर हिरमोड होईल. मिळते ते वेगळेच. ताजचा घुमट, गेटवेची कमान, त्यामागच्या जुन्या इमारती यांच्या कडा तांबूस होतात, मग काळ्या पडतात आणि एकेक दिवा लागू लागतो. त्यामुळे बोट अंधारात सोडू नका. सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी निघावे, म्हणजे उजेड, संधिप्रकाश आणि दिवे, तिन्ही पदरात पडतात. नोव्हेंबरअखेर मुंबईत सहाला सूर्य मावळतो. आम्ही सव्वापाचला बोटीत चढायचे आणि साडेसातला उतरायचे ठरवले.

बोट ठरवताना

हल्ली याला 'डिनर क्रूझ' म्हणतात. दोन तऱ्हा आहेत. एकीत माणशी तिकीट असते, जेवण त्यांचे, शेजारी अनोळखी मंडळी आणि बहुधा मोठ्याने गाणी. दुसरीत अख्खी बोट तासांच्या हिशेबाने आपल्यासाठी घ्यायची. चार माणसे असाल तर पहिली परवडते. आम्ही लहानथोर धरून अठरा होतो, म्हणून दुसरी घेतली. भावोजी, वन्सं आणि आम्ही असा तिघांत खर्च वाटला. माझ्या वाट्यातले निम्मे मी शाळेच्या पगारातून बाजूला काढलेले होते, हे सांगायला मला आनंद वाटतो.

पैसे देण्याआधी ह्यांना बरोबर घेऊन मी एका संध्याकाळी बोट पाहून आले. पाहिल्याशिवाय साडीसुद्धा घेत नाही आपण, मग बोट कशी घ्यायची? वहीत प्रश्न लिहूनच नेले होते. तुम्हीही हे विचारा:

परवान्यावर माणसांचा आकडा किती आहे? तो आकडा लिहिलेला असतो. तो दाखवायला सांगा आणि खलाशी व वाढपी धरून आपली माणसे मोजा. ''चार जास्त झाली तर चालतात ताई,'' असे जो म्हणेल त्याला तिथूनच नमस्कार करा.

जाकिटे किती आहेत? 2024च्या अपघातानंतर गेटवेच्या प्रवाशांना जीवरक्षक जाकीट घालणे सक्तीचे झाले आहे. नुसती आहेत म्हणून भागत नाही. कुठे ठेवली आहेत, बंद धड आहेत का, मुलांच्या मापाची वेगळी आहेत का, हे हात लावून पाहा. मोठ्यांचे जाकीट लहान मुलाच्या अंगातून वर सरकते.

स्वच्छतागृह आहे का आणि तिथपर्यंत जायला किती पायऱ्या आहेत? आपल्या घरातले मोठे हे कधी विचारत नाहीत. त्याऐवजी सकाळपासून पाणी प्यायचे सोडून देतात!

तास कधीपासून मोजणार? धक्का सोडल्यापासून की ठरलेल्या वेळेपासून? वारा सुटला किंवा परवानगी मिळाली नाही तर पैसे परत की पुढची तारीख? हे सगळे कागदावर लिहून घ्या. तोंडी बोलणे पाण्यावरच राहते.

शेवटचा प्रश्न माझा खास होता. ''चढताना दुसऱ्या बोटीवरून ओलांडून जावं लागेल का?'' गेटवेला लाँच एकीला एक लावून उभ्या असतात आणि कधी एकीतून दुसरीत पाय टाकावा लागतो. सारंग वयस्कर होते. मी आईच्या मनगटाची हकिगत सांगितली. ते म्हणाले, ''थेट पायरीला लावतो. दोन माणसं उभी करतो. फक्त वेळेवर या.'' ह्या एका वाक्यावर मी ती बोट ठरवली.

जेवण कसले करावे

बोट उभी असली तरी हलते, हे धरून जेवण ठरवा. आमटी, रस्सा, बासुंदी, ताक यांना घरीच ठेवा. आम्ही आधी बटाटेवडे आणि सुरळीच्या वड्या, मग मसालेभात, छोट्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, काकडीची कोशिंबीर आणि शेवटी सासूबाईंच्या आवडीच्या नारळाच्या वड्या असा बेत केला. वन्संना पनीरची ग्रेव्ही हवी होती. मी म्हटले, ''वन्सं, तुमच्या शालूवर सांडली तर?'' विषय तिथेच मिटला.

बोटीवर शेगडी पेटवण्यापेक्षा जेवण किनाऱ्यावर शिजवून गरम डब्यांतून चढवलेले बरे. कोशिंबिरीत दही आयत्या वेळी घाला. खोबऱ्याची चटणी टाळा. उबाऱ्यात ती लवकर उतरते. ताटे काठाची आणि जड घ्या. कागदी बशा वाऱ्याने उडतात, आणि थर्मोकोलच्या ताटांना तर महाराष्ट्रात 2018पासून बंदी आहे. खरकटे, बाटल्या, रुमाल सगळे पिशवीत भरून परत आणायचे, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

वाढायची वेळ अंधार पडायच्या आधीची धरू नका. त्या वेळी बघायचे असते. वडे आधी द्या, दिवे लागले की बोट एका जागी थांबवून मगच जेवण वाढा. आणि मैत्रिणींनो, वाढायला माणूस ठेवा. एक माणूस वाढला तर पैसे थोडे वाढतात, पण एरवी घरच्या बायका हातात डाव घेऊन उभ्या आणि बाकीचे बंदर बघतायत, असे होते. सगळे आयुष्य आपण स्वयंपाकघराच्या दारातून समारंभ पाहतो. दोन तास तरी बसावे!

ज्यांना बोट लागते त्यांना रिकाम्या पोटी नेऊ नका आणि पोटभरही नको. घरून थोडा दहीभात किंवा पोळी खाऊन निघावे. आल्याच्या वड्या आणि आवळासुपारी जवळ ठेवा. बोटीच्या मधोमध बसवा, तिथे हेलकावा कमी बसतो. नजर दूर किनाऱ्यावर ठेवायला सांगा, मोबाइलवर नको. गोळी घ्यायची तर ती निघण्याच्या अर्धा-एक तास आधी घ्यावी लागते. रक्तदाबाची औषधे चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच.

पायांत रबरी तळव्याच्या सपाट चपला, पदराला पिन, प्रत्येकीजवळ शाल. दिवस मावळला की पाण्यावरचा वारा बोचतो.

ओवाळण्याचे काय, असा प्रश्न येईलच. बोटीवर उघडी ज्योत नको. आम्ही पंचाहत्तर दिव्यांनी घरीच ओवाळले आणि दुपारी कल्याणहून निघालो.

मग काय झाले

माझी आई यायला तयारच नव्हती. ''तुमच्या घरचं कार्य आहे, मी कशाला,'' म्हणत होती. मला खरे कारण माहीत होते. शेवटी सासूबाईंनीच तिला फोन केला. काय बोलल्या ते मला अजून ठाऊक नाही, पण आई आली.

पायऱ्यांपाशी तिने माझा दंड घट्ट धरला. मी खाली पाहिले. पाणी वर आलेले होते. शेवाळाच्या पायऱ्या पाण्याखाली दडलेल्या आणि वरच्या कोरड्या ठणठणीत. बोटीची कड जवळजवळ पायरीच्या बरोबरीने होती. दोन खलाशांनी दोन्ही बाजूंनी हात दिले. आई एका पावलात बोटीवर गेली आणि मागे वळून म्हणाली, ''एवढंच?'' मला हसावे की रडावे कळेना.

सासूबाईंनी पैठणीवर नारिंगी जाकीट चढवले. जाऊबाई म्हणाल्या, ''फोटोपुरतं काढा ना आई, पैठणी दिसत नाही.'' त्या म्हणाल्या, ''पैठणी कपाटात दिसेल. मी दिसले पाहिजे.'' मग सगळ्यांनीच निमूटपणे जाकिटे घातली.

बोट निघाली. मुलांना मी आधीच यादी करून दिली होती. एकीकडे 1924 साली खुला झालेला गेटवे आणि त्यामागे 1903चा ताज, समुद्रातला मिडल ग्राउंडचा जुना किल्ला, पूर्वेला घारापुरीचा डोंगर, पलीकडे न्हावाशेवा बंदराच्या उंच क्रेन आणि उत्तरेला दूरवर 2024 साली सुरू झालेल्या अटल सेतूच्या दिव्यांची रेघ. घारापुरीच्या गावात समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज आली ती 2018 साली, हे ऐकून मुले चकित झाली. नौदलाच्या बोटींचे फोटो मात्र काढायचे नाहीत, हेही सांगून ठेवले होते.

सासूबाई यादीकडे पाहत नव्हत्या. त्या ताजकडे पाहत होत्या. म्हणाल्या, ''ती उंच इमारत तेव्हा नव्हती.'' खरेच आहे. ताजची नवी उंच इमारत 1973ची. सासूबाई 1970च्या वैशाखात लग्न होऊन आल्या. जयगडला पडावातून बोटीवर चढल्या, रात्रभर डेकवर ट्रंकेला टेकून बसल्या आणि पहाटे मुंबईचे दिवे दिसले. ''वीस वर्षांची होते. रात्रभर रडत होते. दिवे दिसले आणि रडं थांबलं. वाटलं, एवढ्या दिव्यांत आपलाही एक असेल.'' मग थोड्या वेळाने म्हणाल्या, ''उतरल्यावर चाळीतल्या खोलीत गेले, ते पुन्हा पाण्यावरनं मुंबई कोणी दाखवलीच नाही. मीही कधी म्हटलं नाही.''

हे त्यांच्या शेजारी उभे होते. पंचावन्न वर्षांत ही गोष्ट त्यांच्या मुलांनीही ऐकली नव्हती. माझी आई सासूबाईंच्या शेजारी सरकून बसली आणि तिने आपली शाल दोघींच्या गुडघ्यांवर पसरली. चंद्र वर होताच. जेवण वाढेपर्यंत दोघी काही बोलल्या नाहीत.

मसालेभात थोडा फडफडीत झाला होता आणि एक डबा धक्क्यावरच विसरला होता. पण साडेसातला अठराच्या अठरा माणसे कोरड्या पायांनी खाली उतरली. मी मोजली.

तेव्हा मैत्रिणींनो, बेत बोटीचा असो की घरच्या अंगणातला, आधी घरातल्या सर्वांत वडील बाईला विचारा. काय हवे ते विचाराच, पण काय माहीत आहे तेही विचारा. आणि तुमच्या गावच्या नदीत, तलावात वा खाडीत तुम्ही असा कार्यक्रम केला असेल, तर तो कसा पार पडला ते जरूर कळवा. फसलेला असेल तर आधी कळवा. माझी कोजागिरी फसली नसती, तर ही नवमी साधली नसती.